टाकीवाल्या अक्कांची मोजणी

अक्कांच्या पिशवीत मिसळणाचा डबा असे आणि त्यात मसाला सोडून बाकी सगळं असे. एका वाटीत ज्वारी, एकीत तूर, एकीत हरभरा, एकीत शेंगदाणे, एकीत चिंचोके आणि मधल्या वाटीत एकच सुपारी. आमच्या दवाखान्याच्या बाकावर तो डबा उघडलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, बाई कुणाकडे तरी स्वयंपाकाला निघाल्यात. पण अक्का माशांची तोंडं मोजायला आल्या होत्या. काचेला नाक लावून त्या एकेका माशाकडे बघत, डब्यातला एखादा दाणा काचेवर धरत आणि माशाने तोंड उघडलं की म्हणत, "हाऊ हरभरावाला शे. याना संगे तूरएवढा नही चालत." ज्याच्या तोंडात हरभरा मावतो त्याच्या शेजारी तुरीएवढ्या जाडीचा मासा सोडायचा नाही, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. त्या शास्त्रावर जळगावातल्या दहा-बारा टाक्या वर्षानुवर्षं सुखाने नांदत होत्या.

त्यांचे यजमान काचेच्या टाक्या बनवायचे. ते गेल्यावर टाक्या बनवणं थांबलं, पण बनवून दिलेल्या टाक्या तर लोकांच्या घरी होत्याच. अक्कांनी नळी आणि बादली उचलली आणि त्या सांभाळायला सुरुवात केली. खांद्यावर गुंडाळलेली हिरवी नळी, स्कूटीच्या पुढ्यात बादली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, अशा त्या गावभर फिरत. सराफाची पेढी, एका वकिलांची बैठक, दोन-तीन डॉक्टर, असे सगळे मोठ्या दारांचे लोक त्यांचे गिऱ्हाईक. जवळजवळ प्रत्येकाने त्यांना चावी देऊन ठेवलेली होती. रविवारी दुकान बंद असताना अक्का कुलूप उघडून आत जात, पाणी बदलत आणि कुलूप लावून निघत. सराफाच्या पेढीत एकट्या बाईला चावीनिशी सोडणं म्हणजे काय, ते ज्यांनी पेढ्या पाहिल्यात त्यांना सांगायला नको.

मी तेव्हा धुळ्याहून लग्न होऊन आलेली, डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर नवीन लागलेली. नाव लिहायचं, नंबर द्यायचा, डोळ्यांत औषध टाकून माणसाला बाकावर डोळे मिटून बसवायचं. माझ्या आधीची मुलगी एका पेशंटशी वाद घातला म्हणून गेली होती, त्यामुळे मी कुणालाच नाही म्हणत नसे. माझ्या भित्रेपणाला त्या दिवसांत सगळे चांगला स्वभाव म्हणत, आणि मलाही ते आवडत होतं. ज्या मोजणीवर अक्कांचं पोट आणि नाव दोन्ही चालत होतं, ती मोजणी याच चांगल्या स्वभावाने खोटी पाडली. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मिशीवाल्या माशांबद्दल अक्कांची मतं फार पक्की होती. त्यांच्या हिशेबी या जातीत तीनच प्रकार: चाटणारा, चाळणारा आणि गिळणारा. चाटणारा म्हणजे काचेला चिकटणारा काळा सकर. तो काच साफ ठेवतो म्हणून जो तो मागतो आणि गोल्डफिशच्या शेजारी सोडतो. मग एक दिवस तो काच सोडून गोल्डफिशच्या कुशीला चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढतो. चाळणारे म्हणजे बोटभर लांबीचे, तळाची वाळू मिशांनी चाळत हिंडणारे छोटे मासे. ते गरीब, पण एकटे झुरतात, त्यांना सहाजणांचा गोतावळा लागतो आणि खालची वाळू बारीक लागते. गिळणाऱ्याला मात्र अक्का कुठल्याच टाकीत दुसऱ्यासोबत राहू देत नसत. "तो दिसस गरीब. दिवसभर कोपरामा बसी ऱ्हास. पन जे तोंडमा मावस ते खास, पोट भरेल ऱ्हायनं तरी खास." पोट भरलेलं असलं तरी मावेल ते खाणारच, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या डॉक्टरसाहेबांना एकदा शार्क हवा झाला. दुकानात शार्क म्हणून चंदेरी मासा मिळतो, तोही खरं तर मिशीवालाच. अक्कांनी डब्यातली सुपारी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत, खान्देशी फक्त आमच्यासाठी. "साहेब, आज त्याचं तोंड तुरीएवढं आहे. पुढच्या पोळ्याला ते या सुपारीएवढं होईल. आजचं तोंड बघून सोबत ठरवायची नसते." डॉक्टर हसले आणि शार्क आणायचं राहिलं. आमच्या चार फुटी टाकीत वीस लाल शेपटीचे टेट्रा, सहा चाळणारे आणि चार गोरामी असे तीस मासे होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अक्का हात लावण्याआधी ते मोजत. मोजताना त्या कुणाशी बोलत नसत, अगदी डॉक्टरांनी हाक मारली तरी.

एका बुधवारी सातपुड्याच्या पायथ्याकडचे एक आबा आले. त्यांच्या म्हातारीचा मोतीबिंदू आमच्याकडे काढला होता. आमच्याकडे पेशंट बरा झाला की रिकाम्या हाताने येत नाही. कुणी केळीचा घड आणतं, कुणी भरताची वांगी, आणि ते परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारणं. आबांनी पाण्याचा कॅन आणला होता. कॅनच्या आत बोटापेक्षा थोडा लांब, करड्या रंगाचा, लांब मिशा हलवणारा मासा होता. "ताई, आमना नालामातीन आना. शिंगाळा शे. म्हातारीले दिसाले लागनं. डॉक्टरसायेबनी टाकीमा मना बी एक ऱ्हाऊ द्या." त्यांनी असे हात जोडले की मला नाही म्हणता आलं नाही. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. अक्का शुक्रवारी येणार होत्या. मी कॅन उचलला आणि टाकीत रिकामा केला. आबा त्या माशाकडे दोन मिनिटं बघून समाधानाने गेले, आणि मासा टाकीतल्या सिमेंटच्या डोंगराच्या भोकात शिरला.

गुरुवारी तो दिसला नाही. शुक्रवारी सकाळीही दिसला नाही. नाल्याचा मासा, नळाचं पाणी मानवलं नसेल, मेला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. अक्का आल्या, काचेपुढे उभ्या राहिल्या. मोजून झालं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"वंदना, दोन कमी शेतस. टाकीमा कोनी काही टाकं का?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. ते शब्द माझ्या तोंडून इतके सहज गेले की मलाच नवल वाटलं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या नाहीत. माझं उत्तर त्यांनी जसंच्या तसं घेतलं आणि नळी लावायला वळल्या. त्यांनी जरा जरी संशयाने बघितलं असतं तरी मी सांगून टाकलं असतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होते. मंगळवारी सव्वीस भरले. त्यापुढच्या शुक्रवारी तेवीस.

आता मला कळून चुकलं होतं. शिंगाळा मेला नव्हता, डोंगरात बसून जेवत होता. अक्कांनाही कळलं होतं. त्या सरळ डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, टाकीत गिळणारा आहे. आज संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर मी तासभर अंधारात बसते, तो बाहेर निघेल." नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कंपाउंडरने डॉक्टरांच्या कानात घातलं होतं की सराफाकडे नवी टाकी लागली आहे आणि तिच्यात असेच लाल शेपटीचे मासे आहेत. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी विचारलं, "अक्का, टाकीत हात तुम्ही एकट्याच घालता. मग गिळणारा आला कुठून?"

अक्का म्हणाल्या, "ते मला माहीत नाही."

"आणि सराफाकडचे मासे?"

"ते मी धुळ्याहून आणले. तुमचे नाहीत."

डॉक्टर म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण बंद दवाखान्यात कुणी थांबू नये. आणि चावी तेवढी काउंटरवर ठेवून जा."

अक्कांनी पदराच्या गाठीतून चावी सोडली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. त्या रात्री, उद्या सांगू, असं ठरवून झोपले. सकाळी डॉक्टर कंपाउंडरवर कशावरून तरी ओरडत होते, मग ते उद्याही राहिलं. असे माझे कितीतरी उद्या झाले. जळगावात अशी गोष्ट दोन दिवसांत चौकापर्यंत जाते. सराफाने अक्कांना कळवलं की काही दिवस येऊ नका. वकिलांनी तर कळवलंही नाही, दार उघडलंच नाही.

मग अक्का स्वतःच आल्या आणि डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. या वेळी पुस्तकी मराठी सुटली होती. "सायेब, माले बठ्ठी टाकी खाली करू द्या. बाजारना दिवस ठेवा. बठ्ठा देखोत." डॉक्टर म्हणाले, एवढं सगळ्यांपुढे करायची गरज नाही. अक्का म्हणाल्या, "माले गरज शे."

टाकी रिकामी करणं सोपं नसतं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो आणि त्या पाण्याला औषधाचा वास असतो. ते दोन दिवस उघडं ठेवावं लागतं, नाहीतर मासे जातात. अक्कांनी दोन दिवस आधी तीन पिंपं भरून मागच्या अंगणात ठेवली. बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला त्या आल्या. बाकं माणसांनी गच्च भरली होती. पारोळ्याची माणसं होती, बोदवडची होती, काही तर जमिनीवर बसलेली. अक्कांनी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाने ओढून बादलीत धरलं, आणि पाणी उतरू लागलं.

पहिली बादली भरली तेव्हा मी एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत औषध टाकत होते. आता बोल, मी स्वतःला म्हटलं. दुसरी भरली. मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. औषध टाकून डोळे मिटून बसलेली एक म्हातारी विचारत होती, "काय व्हई ऱ्हायनं वं? पानी कोठे पडी ऱ्हायनं?" डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पाणी अर्ध्यावर आलं तशा अक्का जाळीने एकेक मासा उचलून बादलीत सोडू लागल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. गोरामी चार. चाळणारे सहाच्या सहा. त्यांच्या अंगावर काटा असतो, म्हणून ते वाचले होते. लाल शेपटीचे नऊ. विसातले नऊ.

मग त्यांनी सिमेंटच्या डोंगराच्या भोकात हात घातला. मी काउंटरमागून उठले. "अक्का," एवढंच म्हणाले, पण ते माझं मलाच ऐकू आलं असेल. अक्कांनी दात आवळले, हात बाहेर काढला. तर्जनीतून रक्त वाहत होतं आणि मुठीत शिंगाळा होता, आला होता त्याच्या दुप्पट झालेला. पोट टम्म. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. शिंगाळ्याच्या काट्याची कळ काय असते ते नदीकाठच्या माणसांना माहीत आहे. बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "ऊन पानी आना, ऊन पानी."

"हा कुठून आला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी टाकला," मी म्हणाले. "पेशंटने आणला होता. मी टाकला आणि सांगितलं नाही."

कुणीतरी चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी आणलं. अक्कांनी बोट त्यात बुडवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आते बोलनी तू?"

त्या दिवशी मला नोकरीवरून काढलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी काढलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून चावी काढून अक्कांपुढे धरली. "अक्का, चुकलं माझं. ही घ्या." अक्का म्हणाल्या, "राहू द्या, साहेब. मोजणी जुळली. माझं काम झालं." पण त्या लगेच गेल्याही नाहीत. सुजलेल्या बोटाने त्यांनी पिंपातलं पाणी आणून टाकी भरली, एकोणीस मासे परत सोडले, काच पुसली, फरशीवर सांडलेलं पाणी टिपलं. शिंगाळ्याला बादलीत घेतलं आणि नळी गुंडाळून निघाल्या. आमच्या टाकीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. मागच्या अंगणात सिमेंटच्या हौदात शिंगाळा एकटाच होता. अक्का त्याला गांडुळं टाकत होत्या. मी पाया पडले, रडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "याना काय गुन्हा? देवनी तोंड दिधं ते खास. याले एकला ठेवं, झगडा सरना. तू वाईट नही, वंदना. भित्री शे. याना तोंडनं माप ल्ही सकस मी. तुनं गप बसनं कसावर मोजू?" त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, त्यामुळेच ते जास्त लागलं. चहा मात्र त्यांनी मला पाजला.

तिथून मी तडक सराफाच्या पेढीवर गेले. गिऱ्हाईक होतं, तरी काउंटरपुढे उभी राहून झालेलं सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. सराफ ऐकून म्हणाले, "कळलं होतं आम्हाला. पण आता दुसरा माणूस लावलाय, ताई." वकिलांकडे गेले, तिथेही तेच. अक्का चोर नाहीत हे सगळ्यांना पटलं होतं. तरी चावी कुणी परत दिली नाही. एकदा काढून घेतलेली वस्तू परत द्यायला लोकांना फार जड जातं, हे मला तेव्हा समजलं. दहा-बारा टाक्यांपैकी अक्कांकडे तीन उरल्या. त्या तीन टाक्यांसाठी त्या तशाच स्कूटीवर फिरायच्या. रस्त्यात दिसल्या की हात करायच्या, पण थांबायच्या नाहीत.

दोन वर्षं गेली. एका सकाळी नाव लिहायला मान वर केली तर समोर अक्का. सोबत कुणी नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जळगावात डोळ्यांचे दवाखाने काय कमी आहेत! मी त्यांचं नाव लिहिलं आणि नंबर दिला. त्या बाकावर बसल्या, टाकीकडे पाठ करून. टाकीत आता प्लॅस्टिकची लाल झाडं आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या होता. ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला मी त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं. पट्टी सोडताना मला राहवलं नाही.

"अक्का, इतकं सगळं झाल्यावर तुम्ही दुसरीकडे का नाही गेलात?"

"दुसरीकडे कसाले जाऊ?" अक्का म्हणाल्या. "या डॉक्टरना हात चांगला शे. मी त्याना हातवर कधी शक लिधा नही."

मी मान वर केली तर डॉक्टर दारात उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. ते आत आले, माझ्या हातातली औषधाची बाटली त्यांनी घेतली आणि स्टूल ओढून अक्कांच्या समोर बसले. औषध टाकायचं काम माझं, ते कधी करत नाहीत. पहिला थेंब अक्कांच्या गालावर पडला. दुसराही गालावरच पडला. तेव्हा अक्कांनी हात वर केला, डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात आपल्या डोळ्यावर आणला.